‘विक्रांत’वरील कारागीर



युद्धाचा इतिहास सांगण्याची आपली एक ठरलेली रीत आहे. आधी राजा किंवा मंत्री, मग सेनापती, मग ज्याने शत्रूवर तोफ डागली तो वीर. एवढे सांगून झाले की टाळ्या होतात आणि मंडळी उठतात. तोफेचा गाडा ज्याने नीट ठेवला, गलबताच्या फटी ज्याने बुजवल्या, घोड्यांना ज्याने नाल ठोकले, त्याची आठवण कोणी काढीत नाही. आम्ही कामगार संघटनेच्या कामात आयुष्य घालवलेली माणसे. आमची नजर आपोआप त्या न घेतलेल्या नावाकडे जाते. म्हणून आज एका लढाऊ जहाजाची हकिगत आम्ही सांगणार आहोत, परंतु ती कप्तानाच्या जागेवरून नव्हे. डेकच्या खाली जिथे विमाने उघडली, तपासली आणि पुन्हा जोडली जात, तिथून आम्ही ती पाहणार आहोत. जहाज ‘विक्रांत’ आणि साल १९७१.

हा विषय फोंड्यात कशाला, असे कोणी विचारील. दर्यावर्दी वस्ती मालवणची, देवगडची, वेंगुर्ल्याची. आपला गाव सह्याद्रीच्या पायथ्याशी. पण यंत्रावर जीव सोपवणे म्हणजे काय, हे घाटाखालच्या माणसाला सांगावे लागत नाही. दाजीपूरकडून उतरणारी भरलेली गाडी ब्रेकच्या भरवशावर उतरते. ती सुखरूप बाजारात येऊन उभी राहिली की लोक ड्रायव्हरच्या हाताची तारीफ करतात, आणि ती खरीही असते. परंतु आदल्या रात्री कोल्हापुरात किंवा कणकवलीत कोणी तरी गाडीखाली पाठ टेकून ते ब्रेक आवळलेले असतात. ड्रायव्हर हे जाणतो, बाकीचे विसरतात. ‘विक्रांत’ची गोष्ट याच जातीची आहे. घाटाच्या जागी बंगालचा उपसागर आणि गाडीच्या जागी सी हॉक विमान, एवढाच फरक.

प्रथम जहाजाची जन्मकथा सांगितली पाहिजे, कारण पुढचे सारे तिच्यात दडलेले आहे. दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली इंग्रजांना विमानवाहू जहाजांची फार निकड लागली. मोठी जहाजे बांधायला वर्षे लागत. म्हणून त्यांनी हलक्या विमानवाहू जहाजाचा एक आराखडा काढला. चिलखती पोलाद कमी, बांधणी साधी. व्यापारी जहाजे बांधणाऱ्या गोदीतही ते लवकर उभे राहावे हा हेतू. अशी सोळा जहाजे बांधायला घेतली गेली. युद्ध संपेपर्यंत, फार तर तीन वर्षे, ती चालावीत आणि मग मोडीत जावीत असाच हिशेब होता. त्यांतले एक ‘हर्क्युलिस’. त्याचा कणा १९४३ च्या ऑक्टोबरात इंग्लंडमधील टाइन नदीकाठच्या व्हिकर्स-आर्मस्ट्राँग यांच्या गोदीत घातला गेला. जपानने शरणागतीच्या कागदावर सही केली २ सप्टेंबर १९४५ रोजी. हे जहाज पाण्यात उतरले २२ सप्टेंबरला. ज्या युद्धासाठी ते बांधले ते वीसच दिवस आधी संपले होते! १९४६ साली काम थांबले आणि अर्धवट जहाज नुसते बांधून ठेवण्यात आले. त्याचीच एक बहीण ‘लेव्हायथन’ कधीच पुरी झाली नाही; पुढे तिची भंगारात रवानगी झाली.

‘हर्क्युलिस’चे नशीब निराळे होते. १९५७ साली भारताने ते विकत घेतले. बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फ गोदीत ते पुरे झाले. जेट विमानांसाठी त्याला तिरकस डेक आणि वाफेवर चालणारा कॅटापुल्ट बसवला गेला. ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्ट येथे विजयालक्ष्मी पंडित यांच्या हस्ते ते ‘विक्रांत’ नावाने भारतीय नौदलात दाखल झाले, आणि ३ नोव्हेंबर १९६१ रोजी मुंबईस आले, तेव्हा स्वागताला पंतप्रधान नेहरू हजर होते. लांबी सातशे फूट, चार बॉयलर, दोन टर्बाइन, माणसे हजाराहून अधिक. तीन वर्षे टिकावे म्हणून आखलेले हे जहाज भारतीय नौदलातून निवृत्त झाले ते ३१ जानेवारी १९९७ रोजी, म्हणजे जवळजवळ छत्तीस वर्षांनी. हे छत्तीस वर्षांचे आयुष्य आराखडा काढणाऱ्याने दिलेले नव्हते. ते त्याला डागडुजी करणाऱ्यांनी दिले. आमच्या मते ‘विक्रांत’चा सर्वांत मोठा पराक्रम हाच, १९७१ चा विजयही त्याच्याच पोटी जन्मला.

आता या जहाजावर विमानाच्या कारागिराला काय करावे लागे ते पाहू. जमिनीवरच्या विमानतळावर विमान दुरुस्त करायचे तर जागा असते, पायाखालची जमीन स्थिर असते, सुटा भाग नसला तर दुसरीकडून मागवता येतो. जहाजावर यांपैकी काहीच नाही. डेकच्या खाली एक लांबट दालन असते, त्याला हँगर म्हणतात. त्यात पंख घडी केलेली विमाने एकमेकांना जवळजवळ चिकटून उभी असतात. ती वर नेण्या-आणण्यासाठी मोठाले पाळणे, म्हणजे लिफ्ट असतात. समुद्र खवळला की सारे जहाज कलते. म्हणून प्रत्येक विमान साखळ्यांनी डेकला जखडून ठेवावे लागते. अशा डोलणाऱ्या जमिनीवर पाना धरून, दिव्याच्या उजेडात, इंधनाच्या वासात माणसे काम करतात. आपल्याकडे गाडी घाटात बंद पडली की क्लीनर आधी उडी मारून चाकाखाली दगड घालतो. जहाजावरचा खलाशी विमान जागेवर आले की तेच करतो, ठोकळे घालतो आणि साखळ्या आवळतो. हुद्दा निराळा, पण शहाणपण एकच.

सगळ्यांत मोठा शत्रू म्हणजे खारे वारे. किनाऱ्यावरच्या माणसाला हे सांगायला नको. मालवणात पत्रा किती वर्षे टिकतो ते आपण जाणतो. विमानाचे अंग हलक्या धातूचे. मीठ त्याला आतून खाते आणि वरून काही दिसत नाही. म्हणून समुद्रावरून आलेले विमान गोड्या पाण्याने धुवावे लागते. पण जहाजावर गोडे पाणी येणार कुठून? ते समुद्राच्या पाण्यापासूनच तयार करायचे. आणि त्यावर पहिला हक्क बॉयलरचा, कारण तिथे खारे पाणी चालत नाही. कॅटापुल्टने एक विमान फेकले की तेवढी वाफ हवेत गेली. वाफ गेली म्हणजे पाणी गेले. अशा रीतीने बॉयलर, कॅटापुल्ट, विमान आणि माणसाची आंघोळ हे सारे एकाच टाकीवर भांडत असतात. आंघोळीचा नंबर शेवटचा, हे सांगायला नको.

कॅटापुल्ट म्हणजे वाफेची गोफण. आपला शेतकरी माळ्यावर उभा राहून पाखरांवर गोफण फिरवतो; तिच्यात दगडाला आवश्यक तो वेग हातभर अंतरातच मिळतो. विमानाला आकाशात उचलून धरण्यासाठी पंखांवरून ठराविक वेगाने वारा जावा लागतो. विमानतळावर हा वेग लांब धावपट्टीवर धावून मिळतो. जहाजावर तेवढी धाव नाही. म्हणून जहाज वाऱ्याच्या तोंडाला वळवतात आणि भरधाव सोडतात. जहाजाचा वेग, समोरचा वारा आणि कॅटापुल्टचा धक्का या तिन्हींची बेरीज पुरली तर विमान उडते, नाही तर जहाजाच्या नाकासमोर पाण्यात पडते. विमान आणि कॅटापुल्ट यांना जोडणारा तारेचा दोर विमानाच्या पोटाखाली वाकून, इंजिन चालू असताना, माणसाच्या हातांनी अडकवावा लागे. जेट इंजिनचे तोंड माणसाला ओढून घेऊ शकते. पंखा असलेल्या विमानाचा पंखा फिरताना दिसत नाही. चुकीच्या वेळी दोन पावले चुकली की प्राण गेला. आणि डेकवर पडलेला एखादा स्क्रू इंजिनात ओढला गेला तर सारे इंजिन निकामी. म्हणून माणसे ओळीने चालत डेकवरचा बारीकसारीक कचरा नजरेने वेचीत असत. झाडू मारणे हे काम किती महत्त्वाचे, हे आमच्या नगरपालिकांना कधी कळेल तेव्हा कळेल. नौदलाला ते कळलेले होते!

‘विक्रांत’वर मुख्यतः दोन जातींची विमाने होती. एक सी हॉक: एका वैमानिकाचे जेट लढाऊ विमान, नाकात २० मिलिमीटरच्या चार तोफा, पंखांखाली बाँब किंवा रॉकेटे. दुसरे फ्रेंच बनावटीचे अलिझे: पंख्याचे, तीन माणसांचे, मुख्यतः पाणबुड्या हुडकण्यासाठी. सी हॉकचे पथक १९६० साली ब्रिटनमध्ये उभे राहिले, अलिझेचे १९६१ साली फ्रान्समध्ये. ‘विक्रांत’च्या डेकवर पहिले भारतीय विमान १८ मे १९६१ रोजी लेफ्टनंट ताहिलियानी यांनी उतरवले, ते पुढे नौदलप्रमुख झाले. पण हेही ध्यानात घ्या की दोन देशांची विमाने म्हणजे दोन तऱ्हांची हत्यारे, सुटे भाग आणि पुस्तके. एक इंग्रजी पद्धतीचे, दुसरे फ्रेंच पद्धतीचे. हे सगळे आमच्या खेड्यापाड्यांतून आलेल्या, शाळा सोडून नौदलात भरती झालेल्या पोरांनी आत्मसात केले. लोणावळ्याचे ‘शिवाजी’, कोचीचे ‘गरुड’ ही नावे कोकणातल्या पुष्कळ घरांत ठाऊक आहेत. पहिल्या ठिकाणी जहाजाची यंत्रे शिकवली जात, दुसऱ्या ठिकाणी विमानांची. गोव्यात दाबोळीला १९६४ नंतर ‘हंस’ हा नौदलाचा विमानतळ आला आणि सी हॉकचे जमिनीवरचे घर आपल्या जिल्ह्याच्या शेजारी झाले.

आता एका शब्दाकडे वळू. तो शब्द म्हणजे सही. विमान उडण्यापूर्वी त्याच्या नोंदवहीत कारागिरांच्या सह्या लागतात. इंजिन पाहिले त्याची सही, विजेचे काम पाहिले त्याची, तोफा आणि बाँब पाहिले त्याची. मग वैमानिक ती वही पाहून आपली सही करतो आणि विमान ताब्यात घेतो. वैमानिकाचा हुद्दा मोठा, कारागिराचा लहान. तरीही लहानाची सही नसेल तर मोठ्याला उडता येत नाही. आम्हांस या रीतीत फार मोठे तत्त्व दिसते. सही करण्याचा अधिकार म्हणजेच सही नाकारण्याचा अधिकार. “हे विमान आज उडणार नाही” असे म्हणण्याची मुभा ज्याला नाही, त्याने “हे विमान ठीक आहे” असे म्हटले तर त्याला किंमत काय? कारखान्यात आम्ही वर्षानुवर्षे हेच सांगत आलो आहोत. ज्या कामगाराला मशीन थांबवण्याची धास्ती वाटते, त्याच्या मशीनवर कोणी विश्वास ठेवू नये.

‘विक्रांत’च्या इतिहासात अशा नकाराचे दोन मोठे प्रसंग आहेत. पहिला १९६५ चा. त्या वर्षी पाकिस्तानशी युद्ध झाले तेव्हा जहाज मुंबईला मोठ्या दुरुस्तीत होते. पाकिस्तानने ते बुडवल्याची आवई उठवली. बुडवले नव्हते हे खरे; पण लढलेही नव्हते, हेही खरे. नौदलाला ही गोष्ट फार लागली. एवढा पैसा घालून आणलेले जहाज ऐन वेळी उपयोगी पडत नसेल तर तो पांढरा हत्ती, असे बोलले जाऊ लागेल ही धास्ती पुढची सहा वर्षे अधिकाऱ्यांच्या मनात राहिली. आमचे म्हणणे एवढेच की दुरुस्तीत असलेले यंत्र काही रणातून पळालेले नसते. वेळच्या वेळी दुरुस्ती झाली नसती तर १९७१ ला जहाज उरले असते का, हा हिशेबही मांडला पाहिजे.

दुसरा प्रसंग १९७० चा, आणि तो अधिक गंभीर. त्या वर्षीच्या जूनमध्ये मुंबईच्या नौदल गोदीत तपासणी होत असता बॉयलरच्या पाण्याच्या पिंपांत आतून चिरा आढळल्या. या पिंपांत दाबाखाली उकळते पाणी आणि वाफ असते. ते फुटले तर बॉयलरखोलीतले कोणी वाचत नाही. चिरा वेल्डिंगने बुजवण्यासारख्या नव्हत्या. नवी पिंपे देशात मिळत नव्हती; ती ब्रिटनकडून मागवावी लागली. तोपर्यंत बॉयलर पेटवू नयेत असा मुख्यालयाचा हुकूम निघाला. ‘विक्रांत’ मुंबई बंदरात थंड होऊन उभी राहिली.

आणि तेवढ्यात पूर्वेकडे आभाळ भरून आले. १९७१ च्या मार्चमध्ये पूर्व बंगालात पाकिस्तानी लष्कराचे अत्याचार सुरू झाले, निर्वासितांचे लोंढे भारतात येऊ लागले. युद्ध टळणार नाही हे दिसू लागले. नवी पिंपे आली नव्हती. अशा वेळी दोन वाटा सोप्या होत्या. एक, हुकमावर बोट ठेवून जहाज बंदरातच ठेवणे. दुसरी, हुकूम बाजूला सारून जहाज पूर्ण वेगाने पिटाळणे आणि काय होईल ते होवो म्हणणे. नौदलाने यांतली एकही वाट धरली नाही. त्यांनी मधली, मोजमापाची वाट धरली. २६ फेब्रुवारीला जहाज धक्क्यावरून नांगरटीवर नेले गेले होते. १ मार्चला कमी दाबाने बॉयलर पेटवले गेले आणि त्याच दिवशी कॅटापुल्टचीही चाचणी झाली. सात महिने न हललेली यंत्रे हळूहळू हलवली गेली. मार्चमध्ये आणि एप्रिलमध्ये जहाज समुद्रात जाऊन आले. मग मर्यादा ठरली: वाफेचा दाब प्रति चौरस इंच ४०० पौंडांपर्यंत, पंख्याचे फेरे मिनिटाला पुढे १२० आणि मागे ८०, म्हणजे वेग सुमारे १४ सागरी मैल. मूळ वेग २४ च्या आसपास होता, हे लक्षात घेतले की लंगड्या पायाने शर्यतीत उतरणे म्हणजे काय ते कळते.

ही मर्यादा म्हणजे भित्रेपणा नव्हता. यंत्राला जवळून ओळखणाऱ्यांनी सांगितलेले ते वजन होते: एवढे उचलेल, याहून जास्त नाही. वरच्यांनी ते ऐकले. नौदलप्रमुख ॲडमिरल नंदा यांनी जहाज पूर्वेला पाठवण्याचा धाडसी निर्णय घेतला, त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण त्या निर्णयाखाली बॉयलरखोलीतल्या माणसांनी दिवसरात्र डोळ्यांत तेल घालून पाहिलेल्या दाबमापकांचा पाया होता.

आता त्या लंगडेपणाचा विमानांशी संबंध पाहा. वर सांगितलेली तीन गोष्टींची बेरीज आठवा. डिसेंबरात बंगालच्या उपसागरात वारा मंद. जहाजाचा वेग मर्यादित. म्हणजे तीनपैकी दोन रकमा लहान झाल्या. उरला कॅटापुल्ट, त्याची वाफही त्याच आजारी बॉयलरांतून यायची. अशा स्थितीत विमानावर किती इंधन घालायचे, किती बाँब टांगायचे याचा हिशेब सोनाराच्या काट्यावर करावा लागे. आणि इंजिनने आपली शेवटची ताकद दिलीच पाहिजे, कारण कमी पडलेली ताकद भरून काढायला दुसरे काही शिल्लक नव्हते. बॉयलरवाल्याची उणीव विमानवाल्याने भरून काढायची असा तो प्रकार होता. खालच्या डेकवरचा आणि वरच्या डेकवरचा कारागीर एकमेकांना कधी भेटतही नसतील, पण एकाच दोराला दोघे लोंबकळत होते.

लढाई ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. जहाज मद्रासमार्गे अंदमानच्या बाजूला जाऊन दडले. तिच्या शोधात पाकिस्तानची पाणबुडी ‘गाझी’ विशाखापट्टणच्या तोंडाशी आली आणि ३ व ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री तिथेच बुडाली. ४ डिसेंबरच्या सकाळी ‘विक्रांत’वरून आठ सी हॉक उडाले आणि साठ सागरी मैलांवरच्या कॉक्स बझारवर तुटून पडले. त्याच दिवशी चितगाव बंदरावर हल्ला झाला. पुढच्या दिवसांत खुलना, मोंगला ही बंदरे. रात्रीच्या अंधारात अलिझे विमानेही बाँब घेऊन जात. १४ डिसेंबरला चितगावच्या छावणीवर हल्ला झाला. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. समुद्रमार्गे मदत येण्याची किंवा निसटण्याची पाकिस्तानी सैन्याची वाट या आघाताने बंद झाली होती. विमानविरोधी तोफांचा मारा होता, काही विमानांना गोळे लागले. परंतु शत्रूच्या माऱ्याने ‘विक्रांत’चे एकही विमान गमावले गेले नाही.

हे शेवटचे वाक्य पुन्हा एकदा ऐका. एकही विमान गमावले नाही, यात वैमानिकांचे कौशल्य आहेच आहे. पण प्रत्येक फेरीनंतर विमान डेकवर उतरते, शेपटीचा आकडा तारेत अडकून हिसक्याने थांबते. लगेच पंख घडी करून बाजूला, इंधन भरायचे, तोफांत पट्टे घालायचे, बाँब टांगायचे, गोळ्याचे भोक असेल तर ठिगळ लावायचे, आतली तार किंवा नळी तुटली नाही ना हे हाताने चाचपायचे, सही करायची आणि विमान पुन्हा रांगेत. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत हे चाले आणि अंधार पडला की अलिझेवाल्यांचा पाळा सुरू. वैमानिकाला दोन फेऱ्यांच्या मध्ये बसून घोटभर चहा मिळे. कारागिराचे खरे काम त्याच वेळी सुरू होई. दहा-अकरा दिवस हे चालले आणि त्या दिवसांत केलेल्या सह्या खऱ्या ठरल्या.

युद्धानंतर कप्तान स्वराज प्रकाश आणि सी हॉक पथकाचे प्रमुख लेफ्टनंट कमांडर संतोष कुमार गुप्ता यांना महावीर चक्र मिळाले. जहाजाच्या वाट्याला दोन महावीर चक्रे आणि बारा वीर चक्रे आली. ती योग्य हातीच गेली. त्याविषयी आमची मुळीच तक्रार नाही. शत्रूच्या तोफेसमोर जाणे ही गोष्ट निराळीच आहे आणि तिचा मान निराळाच राहिला पाहिजे. आमचे गाऱ्हाणे इतिहास लिहिणाऱ्यांकडे आहे. ‘विक्रांत’वर लेख निघाले, पुस्तके निघाली. कप्तान काय म्हणाले, वैमानिकाला काय वाटले हे आपण वाचतो. पण पान्याला हात घातलेल्या माणसाने त्या अकरा रात्री काय पाहिले, हे मराठीत कोणी विचारून लिहिले आहे काय?

याचे एक कारण आम्हांस आमच्या धंद्यामुळे दिसते. मुंबईच्या नौदल गोदीत मुलकी कामगार आहेत; त्यांना संघटना आहे, ते आपले म्हणणे मांडू शकतात. पण गणवेशातल्या कारागिराला तो हक्क नाही. घटनेच्या ३३ व्या कलमाने संसदेला सैन्याच्या बाबतीत मूलभूत हक्कांना मर्यादा घालण्याचा अधिकार आहे, आणि १९५७ च्या नौदल कायद्याने नौसैनिकाला सरकारच्या परवानगीवाचून कामगार संघटनेचा सभासद होता येत नाही. सैन्याला शिस्त लागते. आम्ही हे जाणतो आणि मानतो. परंतु ज्याला स्वतःसाठी बोलता येत नाही, त्याच्यासाठी समाजाने बोलायचे असते. नाही तर काय होते, हे याच नौदलाच्या पूर्वेतिहासात लिहिलेले आहे. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईच्या ‘तलवार’ या तळावरील खलाशांनी काम थांबवले. निकृष्ट अन्न, गोऱ्यांहून कमी पगार आणि अधिकाऱ्यांची शिवराळ भाषा ही त्यांची पहिली गाऱ्हाणी. त्यात आझाद हिंदच्या कैद्यांच्या सुटकेची मागणी मिसळली. ठिणगी जहाजांजहाजांवर पसरली. २२ फेब्रुवारीला मुंबईचे कामगार त्यांच्या पाठिंब्याला रस्त्यावर उतरले आणि गोळीबारात दोनशेहून अधिक माणसे मेली. ते खलाशी बरेचसे तंत्र शिकलेले तरुण होते. यंत्र ज्याच्या हाती सोपवायचे, त्याला जनावरासारखे वागवता येत नाही, हा त्यांचा धडा. स्वतंत्र भारताच्या नौदलात कारागिराच्या सहीला जी किंमत मिळाली, तिच्यामागे आम्हांस त्या दिवसांची सावली दिसते.

शेवटी जहाजाचे काय झाले तेही सांगितले पाहिजे. युद्धानंतर बॉयलर दुरुस्त झाले, ऐंशीच्या दशकात सी हॉक जाऊन सी हॅरियर आले, जहाज पुन्हा नव्याने सजले. निवृत्तीनंतर काही वर्षे ते मुंबईत संग्रहालय म्हणून उभे होते. पुष्कळांनी शाळेच्या सहलीत पाहिले असेल. २०१२ साली ते संग्रहालय बंद झाले, २०१४ साली जहाज भंगारात विकले गेले आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात दारूखान्यात ते तोडायला सुरुवात झाली. ज्या हातांनी ते तोडले तेही कामगारांचेच हात, गॅसकटर धरलेले, बहुधा रोजंदारीवरचे. तीन वर्षांचे जहाज छत्तीस वर्षे जगवणारे आम्हीच आणि तोडणारेही आम्हीच; दोन्ही ठिकाणी आमची नावे नाहीत. आता कोची येथे बांधलेली नवी ‘विक्रांत’ २ सप्टेंबर २०२२ पासून नौदलात आहे, आणि त्याच दिवशी नौदलाच्या निशाणावर शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. याचा आपणा सर्वांना आनंद झाला.

राजमुद्रेचे नाव निघाले म्हणून एक गोष्ट बोलतो. मालवणच्या समुद्रातला सिंधुदुर्ग १६६४ साली बांधायला घेतला. बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचे नाव तरी आपणास ठाऊक आहे. पाथरवटांची नावे नाहीत, पण त्यांचे काम साडेतीनशे वर्षे लाटा खात उभे आहे. त्याच मालवणात ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनी, राजकोट किल्ल्यावर महाराजांचा पुतळा उभारला गेला. तो २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. पुरते नऊ महिनेही झाले नव्हते. आम्ही इथे कोणाचा न्याय करायला बसलो नाही. पण उद्घाटनाची तारीख आधी ठरवायची आणि “अजून तयार नाही” असे म्हणायला कोणाला जागाच ठेवायची नाही, ही रीत समुद्राला चालत नाही. ४ डिसेंबर हाच ‘विक्रांत’ची विमाने कॉक्स बझारवर गेली तो दिवस. त्या दिवसाच्या मागे दीड वर्षाचे “अजून नाही” उभे होते.

जाता जाता एक विनंती आहे. १९७१ साली जो वीस वर्षांचा पोरगा हँगरमध्ये पाना धरून उभा होता, तो आज पंचाहत्तरीच्या वर आहे. कणकवली, मालवण, देवगड, कुडाळ, सावंतवाडी या तालुक्यांत नौदलातून निवृत्त झालेली माणसे गावोगाव आहेत. त्यांच्या ओसरीवर जाऊन बसा. कोणते विमान, कोणते काम, दिवसाला किती तास झोप, पहिली सही कधी केली, कधी नाकारली, हे विचारा आणि त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून घ्या. शाळेच्या वरच्या वर्गांतल्या मुलामुलींनी हे काम सहज होण्यासारखे आहे. गोव्यात वास्कोजवळ बोगमाळो रस्त्यावर नौदलाचे विमान संग्रहालय आहे, तिथे सी हॉक आणि अलिझे उभी आहेत. जमले तर त्या म्हाताऱ्या कारागिराला बरोबर घेऊन जा. विमानाच्या पोटाखाली वाकून तो जे दाखवील, ते पाटीवर लिहिलेले नसेल.

ही वही पुढच्या वसंतापर्यंत थोडी तरी भरली, तर आजच्या व्याख्यानाचे चीज झाले असे आम्ही समजू.